घरचं चिन्ह धरून ठेवायचं की सोडायचं? आमच्यासारख्या बायकांसाठी एक तुलना

माझी धाकटी जाऊ धायरीला राहते. ७ मे २०२४ ला ती मतदान करून आली आणि घरात शिरल्या शिरल्या तिनं मला फोन केला. "वहिनी, आज जन्मात पहिल्यांदा घड्याळाचं बटण दाबलं." तिचं माहेर संघाचं, वडील आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात होते. सासर म्हणजे आमचं घर, तिथंही कमळाशिवाय दुसऱ्या चिन्हाकडे कुणी पाहिलेलं नाही. पण खडकवासला मतदारसंघ बारामती लोकसभेत मोडतो आणि त्या वर्षी महायुतीनं बारामतीची जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीला दिली होती. यंत्रावर कमळ नव्हतंच. मोदींना मत पोचवायचं तर सुनेत्रा पवारांच्या घड्याळावर बोट ठेवायला हवं होतं. ज्या घड्याळाला हरवायला ती इतकी वर्षं मतदानाला जात होती, त्याच घड्याळावर.

"मग मी पक्ष बदलला म्हणायचं का?" तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

निवडणुकीचा विषय निघाला की ती अजूनही विचारते, "वहिनी, पुढं काय करायचं?" आमच्या कर्वेनगरच्या भजनी मंडळात पसायदान होऊन चहाचे कप फिरायला लागले की तिथंही हेच. म्हणून लिहायला बसले. कुठलं बटण दाबा हे मी सांगणार नाही, तो ज्याचा त्याचा पडद्यामागचा हक्क आहे. पण आपल्यासमोर वाटा कोणत्या आहेत आणि त्या वाटेनं गेलेल्यांचं काय झालं, हे शेजारी शेजारी मांडून बघता येतं.

आमच्यासारख्या म्हणजे कोण, तेही सांगते. 'पुराणमतवादी' हा शब्द मला टोचतो. घरातला देवधर्म, कुळाचार, नातीगोती टिकावीत, मुलांवर संस्कार व्हावेत, देशाबद्दल अभिमान असावा, बदल यावा पण घर मोडून येऊ नये, असं मनापासून वाटणाऱ्या बायका. त्या फक्त पेठांमधल्या ब्राह्मण घरांत नाहीत. दर वर्षी पालखीबरोबर दिवेघाट चढणारी धनकवडीची मावशी त्यात येते, जिजाऊ जयंतीला घरावर भगवा लावणारी मराठा घरातली सून येते, आणि कोंढव्यातली रोजे ठेवणारी माझी जुनी सहशिक्षिकाही येते. तिचा पक्ष वेगळा आहे, पण पेच हाच.

बदललं कोण?

माझी आजी भोरकडच्या खेड्यातली. सोवळ्यात स्वयंपाक करायची आणि मत गाय-वासराला द्यायची. गाईला नाही कसं म्हणायचं, एवढंच तिचं कारण. ते इंदिराबाईंच्या काँग्रेसचं चिन्ह होतं. आई पुण्यात आली आणि जनसंघाच्या पणतीला मत द्यायला लागली. १९७७ ला जनता पक्ष झाला तेव्हा पणती जाऊन नांगरधारी शेतकरी आला, १९८० ला भाजप स्थापन झाला तेव्हा कमळ आलं. दहा वर्षांत तीन चिन्हं, पण आईनं पक्ष बदलला असं कुणी म्हटलं नाही. तिच्या मते तिनं एकदाच मत ठरवलं होतं, ते पणतीला.

आत्ताचं कोडं याच्या उलट आहे. चिन्ह तेच राहतं आणि त्यामागची माणसं बदलतात, किंवा माणसं तीच राहतात आणि चिन्ह जातं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं धनुष्यबाण शिंद्यांना दिला, ठाकऱ्यांकडे मशाल राहिली. पुढच्या फेब्रुवारीत घड्याळ अजितदादांकडे गेलं, साहेबांच्या, म्हणजे शरद पवारांच्या, वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. शिवसेनेच्या महिला आघाडीत उभं आयुष्य घातलेल्या, नवरात्रात शाखेत देवीची ओटी भरणाऱ्या बाईनं काय करायचं? बाळासाहेबांचा मुलगा एकीकडे, बाळासाहेबांचा धनुष्यबाण दुसरीकडे. तिनं कुठलंही बटण दाबलं तरी अर्धी गल्ली म्हणणार, हिनं निष्ठा सोडली.

म्हणून 'बायकांच्या निष्ठा ढळताहेत' असं कुणी म्हटलं की मला थोडं थांबवावंसं वाटतं. माझ्या ओळखीतल्या बहुतेक जणी होत्या तिथंच उभ्या आहेत, पायाखालची सतरंजी मात्र दुसरीकडे ओढली गेली आहे. एक गोष्ट खरोखर नवी आहे. पूर्वी मत घरातून ठरून यायचं, मामंजी नाहीतर यजमान सांगायचे. आता मत घरातलंच असतं, पण त्याला अट लागली आहे. गृहीत धराल तर या वेळी नाही, सुधारलात तर पुढच्या वेळी परत. पुण्यातले आकडे हेच सांगतात, खाली येतीलच.

परदेशात हा प्रवाह वेगळा वाहिला. ब्रिटनमध्ये महायुद्धानंतर कित्येक दशकं बायकांचा कल पुरुषांपेक्षा जास्त हुजूर पक्षाकडे असायचा. अलीकडच्या निवडणुकांत तरुण मुली तिथून मजूर पक्षाकडे वळल्या. आपल्याकडे, पुरुषांच्या मानानं बायका भाजपला कमी मतं देतात असं निवडणुकांचे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आले होते. २०१४ नंतर ती दरी बुजत गेली. २०१९ च्या लोकसभेत तर देशभरात बायकांच्या मतदानाची टक्केवारी पहिल्यांदा पुरुषांच्या किंचित पुढे गेली. त्यामुळे आपलं मत कुणाला हवं असतं, तर सगळ्यांनाच.

पहिली वाट: घरचा पक्ष सोडायचा नाही, भांडायचं ते आत राहून

या वाटेवरच्या दोन बायका पुण्यात सगळ्यांना माहीत आहेत.

मुक्ता टिळक लोकमान्यांच्या घरातल्या सून, २०१७ ला भाजपच्या पुण्यातल्या पहिल्या महापौर, २०१९ ला कसब्याच्या आमदार. जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेची मतदानं होती तेव्हा त्या कर्करोगानं आजारी होत्या, तरी रुग्णवाहिकेतून मुंबईला जाऊन त्यांनी मत दिलं. त्या डिसेंबरात त्या गेल्या. पोटनिवडणुकीत उमेदवारी त्यांच्या घरात जाईल असं पेठांमध्ये बहुतेकांना वाटत होतं. ती गेली नाही, हेमंत रासने उभे राहिले. तेव्हा आमच्या मंडळातल्या नारायण पेठेत वाढलेल्या बायकांचा चेहरा मी पाहिला आहे. उमेदवाराबद्दल कुणाची तक्रार नव्हती. "आपण आहोतच, आपल्याला विचारायचं कशाला," असं पक्षानं ठरवल्याचं दुःख होतं. कसब्याचे जुने आमदार आणि तेव्हाचे खासदार गिरीश बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, चाकाच्या खुर्चीत बसून प्रचाराला आले. त्यांच्याकडे बघून काही जणी रडल्या, आणि मतदानाला गेल्याच नाहीत. २ मार्च २०२३ ला निकाल लागला. १९९५ पासून भाजपकडे असलेला कसबा काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी जवळजवळ ११ हजार मतांनी घेतला.

दुसऱ्या मेधा कुलकर्णी. २०१४ ला कोथरूडमधून ६४ हजारांहून जास्त मताधिक्यानं निवडून आल्या. २०१९ ला विद्यमान आमदार असूनही त्यांना बाजूला करून चंद्रकांत पाटलांना उमेदवारी दिली गेली. पाटील निवडून आले, पण मताधिक्य २५ हजारांवर आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकातल्या पुलाच्या उद्घाटनाच्या वेळी डावललं गेल्याचं दुःख कुलकर्णींनी जाहीरपणे मांडलं. अनेकांना वाटलं की आता या जाणार. त्या गेल्या नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत पक्षानं त्यांना राज्यसभेवर पाठवलं. त्याच वर्षी विधानसभेत चंद्रकांत पाटलांचं मताधिक्य एक लाखाच्या पुढे गेलं.

६४ हजार, २५ हजार, एक लाखाच्या वर. हे आकडे फक्त बायकांचे नाहीत, मत गुप्त असतं आणि इतरही कारणं असतात. तरी कोथरूडला राहणारी बाई म्हणून सांगते, २०१९ ला नाराज झालेल्या माझ्या ओळखीच्या किमान सहा जणी २०२४ ला परत कमळावर आल्या. कसब्यातही तसंच झालं. २०२४ च्या लोकसभेला धंगेकरांच्या स्वतःच्या कसब्यात भाजपचे मुरलीधर मोहोळ पुढे राहिले, आणि विधानसभेला त्याच रासन्यांनी त्याच धंगेकरांना १९ हजारांवर मतांनी हरवलं.

या वाटेचा फायदा हा की आपल्याला जे मुद्दे जिवाचे वाटतात, म्हणजे राम मंदिर, ३७० कलम, सणवार, त्यांवर रोज नव्यानं विचार करावा लागत नाही. तोटाही मोठा आहे. गप्प राहणाऱ्या बाईला ही वाट काहीच देत नाही. मेधाताई राहिल्या, पण बोलून राहिल्या. मला त्यांची सगळी मतं पटतात असं नाही, मात्र राहायचं तर कसं राहायचं हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. आपल्यापैकी किती जणींनी नगरसेवकाला, आमदाराला "मी तुमची मतदार आहे आणि मी नाराज आहे" असं एका ओळीत तरी लिहून कळवलंय?

दुसरी वाट: माणसामागे जायचं

कसब्यात २०२३ ला ज्या परंपरानिष्ठ बायकांनी पंजावर बोट ठेवलं, त्यांनी ते काँग्रेसच्या विचारासाठी ठेवलं नव्हतं. "माणूस स्कूटरवर फिरतो, फोन उचलतो, दारात येतो," हे मी त्या महिन्यात दहादा ऐकलं. पाणी नाही, ड्रेनेज तुंबलं, वाड्याचा प्रश्न अडला, तर रात्री कोण येतं याला बाईच्या हिशेबात फार किंमत असते, कारण तुंबलेल्या ड्रेनेजशी दिवसभर तीच झगडते. यात हसण्यासारखं काही नाही. तिच्या दृष्टीनं राजकारणाचा अर्थच तो आहे.

पण माणूसही चालता-फिरता असतो. धंगेकर आधी शिवसेनेत होते, मग मनसेत, मग काँग्रेसमध्ये. २०२५ च्या मार्चमध्ये ते शिंद्यांच्या शिवसेनेत गेले. माझी नारायण पेठेतली मैत्रीण, जिनं घरच्यांना न सांगता, सासूबाईंच्या नजरेला नजर न देता पंजाला मत दिलं होतं, तिनं मला विचारलं, "म्हणजे मी एवढी धडधड सोसून मत दिलं ते शेवटी महायुतीतच परत आलं का?" तिचा राग मला कळतो. तिला त्या दोन वर्षांत कामं मिळाली, हेही तिनं स्वतःच सांगितलं.

नेत्या बायकांच्या वाटचालीतही हेच दिसतं. नीलम गोऱ्हे तरुणपणी युवक क्रांती दलाच्या चळवळीत होत्या, पुढे रिपब्लिकन राजकारणातून शिवसेनेत आल्या, फुटीनंतर वर्षभर ठाकऱ्यांबरोबर राहिल्या आणि जुलै २०२३ मध्ये शिंद्यांकडे गेल्या. सुषमा अंधारे आंबेडकरी चळवळीतून आल्या आणि नेमक्या फुटीच्या पडत्या काळात ठाकऱ्यांच्या सेनेत शिरल्या. रूपाली ठोंबरे मनसेतून राष्ट्रवादीत आल्या. काँग्रेसच्या माजी महापौर कमल व्यवहारे २०२४ ला पक्ष सोडून कसब्यात अपक्ष उभ्या राहिल्या आणि त्यांना फारशी मतं पडली नाहीत. यांच्यापैकी कुणालाही मी बोल लावणार नाही, प्रत्येकीची कारणं असतील. पण एखादीच्या मागे आपण गेलो आणि ती उद्या तिसरीकडे गेली तर आपणही जाणार का, हे आजच मनाशी ठरवून ठेवावं.

तिसरी वाट: हाती काय पडतं ते बघून

या वाटेला नाकं मुरडायची पद्धत आहे. मीही मुरडायची. माझं मत बदललं ते माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंमुळे.

त्या जनता वसाहतीत राहतात. सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, काही सोडत नाहीत. सासऱ्यांपासून घर काँग्रेसचं. पर्वती मतदारसंघात २०१९ ला आणि २०२४ ला आघाडीकडून लढली ती राष्ट्रवादी, त्यामुळे हाताचं चिन्ह यंत्रावर नव्हतंच. म्हणजे माझ्या जावेचा पेच त्यांनी आधीच भोगला होता. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिना १५०० रुपये, थेट बाईच्या खात्यात. १७ ऑगस्टला इथंच बालेवाडीला मोठा सोहळा झाला. हप्ते जमा झाले त्या आठवड्यात बाई आल्या आणि पोळपाट मांडता मांडता म्हणाल्या, "ताई, नवऱ्याला न विचारता पैसे काढले. लेकीच्या क्लासचे भरले."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आमच्या चारचाकीवाल्या घरांना ती योजना लागू नाही, म्हणून आम्हाला ती 'रेवडी' वाटू शकते. ज्या घरात बाईच्या हातात स्वतःचा असा रुपया कधी आला नाही, तिथं तो पैसा वेगळा असतो. नोव्हेंबरच्या विधानसभेत महायुती प्रचंड बहुमतानं आली, त्याला इतरही कारणं होती, पण ही योजना त्यात नव्हती असं कुणी म्हणत नाही.

मात्र हिशेबानं मत द्यायचं तर हिशेब पुरता ठेवायला हवा. महायुतीनं १५०० चे २१०० करण्याचं वचन दिलं होतं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ती वाढ आली नाही. छाननीत नावं कमी झाली, ई-केवायसी मागितलं गेलं. महाविकास आघाडीचं वचन तर ३००० रुपयांचं होतं, तेही राज्याच्या याच तिजोरीतून येणार होतं. ओवाळणी म्हणून दिलेल्या पैशाला 'भाऊ' नाव असलं तरी तो आपल्याच करांचा पैसा आहे. घेताना मान खाली घालायचं कारण नाही, आणि त्या बदल्यात मत बांधून द्यायचंही नाही.

आणि हाती पडलेल्या सगळ्याच गोष्टी रोख नसतात. १९९४ ला महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा वाटा देणारा कायदा केला, त्याच वर्षी महिला धोरण आणलं. तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते, सरकार काँग्रेसचं होतं. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना मिळाल्या त्या २०११ ला, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राज्यात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून, शिंदे-फडणवीस सरकारकडून. लोकसभा-विधानसभेत एकतृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ ला मोदी सरकारनं केली, तिची अंमलबजावणी मात्र जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेला जोडून ठेवली. म्हणजे 'आमच्यासाठी कुणी काय केलं' या प्रश्नाचं उत्तर एका चिन्हात मावत नाही.

पक्ष शेजारी शेजारी ठेवले तर

प्रत्येकाबद्दल सारखं लिहिणार नाही, कारण माझा अनुभव सारखा नाही.

भाजपचं पारडं आमच्यासारख्यांना जड वाटतं ते संस्कृतीच्या बाजूनं, आणि बायकांना उमेदवारी देण्यातही तो आज पुढे आहे. २०२४ ला विधानसभेत २८८ पैकी फक्त २१ बायका निवडून आल्या. त्यात १४ भाजपच्या. अजितदादांच्या राष्ट्रवादीच्या ४, शिंदेसेनेच्या २, काँग्रेसची १. पुणे शहराच्या आठ मतदारसंघांत मिळून एकच बाई आमदार, पर्वतीच्या माधुरी मिसाळ, २००९ पासून सलग. त्यांच्या विरोधातही अश्विनी कदम होत्या, दोन बायकांमधली लढत. खटकतं ते हे, की आयत्या वेळी दुसऱ्या पक्षातून आलेल्यांना मिळणारा मान जुन्या कार्यकर्तीला मिळत नाही. दुसरं, संस्कृतीचा मुद्दा कधी कधी शेजारधर्माच्या आड येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये शनिवारवाड्यात काही मुस्लिम बायकांनी नमाज पढल्याचा व्हिडिओ फिरला. खासदार कुलकर्णींनी तिथं गोमूत्र शिंपडलं, आणि मित्रपक्षाच्याच रूपाली ठोंबरेंनी त्यांच्यावर कारवाईची मागणी केली. आमच्या मंडळात त्या दिवशी दोन तट पडले. पुरातन वास्तूचे नियम पाळले जावेत यावर सगळ्यांचं एकमत होतं. शुद्धीकरणावर नव्हतं. मला स्वतःला ते आवडलं नाही. कोंढव्याची माझी मैत्रीण माझ्या घरी गौरीच्या हळदीकुंकवाला येते, तिच्या नजरेला मी कशी नजर देऊ? तिला तिहेरी तलाकचा २०१९ चा कायदा पटला होता, सभांमधली भाषा पटत नाही.

दोन राष्ट्रवादी. इथं परंपरेचा धागा विचारापेक्षा घराण्याचा आणि गावकीचा आहे. बारामतीत २०२४ ला पवारांची लेक सुप्रिया सुळे आणि पवारांची सून सुनेत्रा समोरासमोर आल्या. प्रचारात शरद पवार मूळ पवार आणि बाहेरून आलेल्या पवार असा फरक करून बोलले. त्या संध्याकाळी मला तीन फोन आले, तिन्ही सुनांचे, त्यातली एक पवारसाहेबांना देवासारखं मानणारी. "चाळीस वर्षं नांदून आम्ही बाहेरच्याच का?" तरीही सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या. खडकवासल्यात मात्र आघाडी सुनेत्रा पवारांना होती, सुमारे २० हजारांची. २०१९ ला तिथंच भाजपच्या कांचन कुल यांना याहून खूप मोठी आघाडी होती. कमळावरची सगळी बोटं घड्याळावर गेली नाहीत, हे त्यातून कळतं.

दोन शिवसेनांमध्ये ठरवणं मला सगळ्यात अवघड वाटतं, आणि पुणे शहरात त्यांची ताकद मर्यादित आहे, म्हणून लांबण लावत नाही. हिंदुत्व दोघांकडे आहे, काँग्रेसबरोबर बसणं चालेल का आणि फुटून जाणं चालेल का, या दोन प्रश्नांपैकी जो तुम्हाला जास्त बोचतो त्यावर उत्तर ठरतं. मनसेबद्दल मराठी भाषेच्या मुद्द्यावर माझ्या पिढीला आपुलकी आहे, पण मताचं रूपांतर कामात झालेलं कमी पाहिलं.

काँग्रेस आमच्या घरांना परकी वाटते, आणि हे काँग्रेसलाही माहीत आहे. तरी आजीचं गाय-वासरू आठवा. पुण्यात जुन्या काँग्रेसी घरांतल्या बायका देवधर्मात आपल्यापेक्षा तसूभरही कमी नाहीत. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे, त्यांच्या पक्षाचं चिन्हच त्यांच्या यंत्रावर दर वेळी नसतं.

सुरक्षिततेच्या बाबतीत मला कुणालाच झुकतं माप देता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या आगारात, उभ्या शिवशाही बसमध्ये एका मुलीवर अत्याचार झाला तेव्हा राज्य महायुतीचं होतं. महाविकास आघाडीनं डिसेंबर २०२१ मध्ये बायकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक मंजूर केलं, ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अमलात आलंच नाही. स्वारगेटवरून माझी भाची पहाटे फलटणची गाडी पकडते. तिच्यासाठी आगारात दिवे आणि पहारा हवा, घोषणा कुणाचीही असो.

घरी बसायचं किंवा नोटा

कसब्यात काहींनी हे केलं. रागाचा निरोप एकदा पोचतो. दुसऱ्यांदा यादीतून आपलं नाव प्रचारातच गाळलं जातं, कारण न येणाऱ्या मतदाराच्या दारी कोण येईल? नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कुणी नाही'चं बटण, २०१३ पासून आहे, लोकसभा-विधानसभेला त्यानं निकाल उलटत नाही. मी हा पर्याय घेणार नाही.

मी काय करते, आणि जावेला काय सांगितलं

मी वाटा वाटून घेतल्या आहेत. लोकसभेला विचार बघते, म्हणजे माझ्यापुरती पहिली वाट. विधानसभेला पक्ष आणि माणूस दोन्ही तोलते. महापालिकेला चिन्ह बघतच नाही. तिथं मंदिर-मशीद ठरत नाही, टँकर ठरतो, कचऱ्याची गाडी ठरते, पावसाळ्यात सिंहगड रस्त्याला पाणी शिरणार की नाही ते ठरतं. मार्च २०२२ ला पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. त्या काळात तक्रार घेऊन जायला आपलं असं दारच नव्हतं. नगरसेवक असण्याची किंमत मला तेव्हा कळली.

जावेला सांगितलं की घड्याळाचं बटण दाबून तू पक्ष बदलला नाहीस, तुझ्या पक्षानं तुझ्यासाठी बटण बदललं. पुढच्या वेळी ते मान्य आहे की नाही, हे आधी सांगायचा अधिकार तुला आहे, आणि तो वापर. दारात येणाऱ्याला एकच प्रश्न विचार, निवडून आल्यावर पक्ष सोडलात तर आमचं मत परत कसं देणार?

मग चार सदस्यांच्या प्रभागाची गोष्ट निघाली. २०१७ ला तिथं अ, ब, क, ड अशा चार जागांना चार मतं द्यायची होती, प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. ती म्हणाली, "हो, दिली होती की. चारी एकाच चिन्हाला." मी म्हटलं, चार जागांना चार वेगळ्या चिन्हांवर बोट ठेवता आलं असतं. अ मध्ये तुझ्या विचाराची बाई, ब मध्ये पाण्याचं काम केलेला माणूस, पक्ष कुठलेही.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "थांबा वहिनी, वही आणते. चार रकाने करते."